नाणेघाटातला होमर

दोन वर्षांपूर्वी श्रावणात नाणेघाटाच्या गुहेत पावसाला आडोसा म्हणून थांबलो होतो. तेवढ्यात पंधरा-वीस जणांचा घोळका आत शिरला. बरोबर स्थानिक वाटाड्या होता, पंचविशीचा, चुणचुणीत. भिंतीवरच्या ब्राह्मी लेखावर विजेरीचा झोत टाकून तो सांगू लागला, "ही व्यापारी वाट. ग्रीक लोक इथूनच वर यायचे. जुन्नरला त्यांची वस्ती होती. रात्री शिवनेरीच्या लेण्यांत शेकोटी पेटवायचे आणि ट्रॉयच्या लढाईची गाणी म्हणायचे." मंडळी भारावून ऐकत होती. मी मात्र चपापलो, कारण ती शेकोटी माझी होती.

२००३ साली एका स्थानिक दिवाळी अंकात मी जुन्नरच्या यवनांवर लेख लिहिला होता. तेव्हा वाचन थोडे आणि उत्साह फार. लेण्यांतल्या यवन दात्यांचे लेख नुकतेच समजू लागले होते, होमरचे इंग्रजी भाषांतर नुकतेच वाचून झाले होते, आणि दोन्हींची मी लग्नगाठ बांधून टाकली. शेकोटीचे वाक्य लेखाच्या शेवटी होते. पुरावा कसलाच नव्हता, पण वाक्य जमले होते. वीस वर्षांत ते कुणाकुणाच्या तोंडून फिरत त्या मुलापर्यंत पोचले आणि वाटेत माझे नाव गळून गेले. आता ते जुन्नरचे झाले आहे. हा लेख एका अर्थाने त्या वाक्याचा शोध आहे. त्यात खरे किती, खोटे किती, आणि खोट्यालाही इतके बळ कुठून आले, हे पाहायचे आहे.

आधी खरे तेवढे मांडतो. जुन्नरच्या चहूबाजूंच्या डोंगरांत, म्हणजे तुळजालेणी, लेण्याद्री, शिवनेरी आणि मानमोडी यांत, दोनशेच्या वर लहानमोठी लेणी आहेत. त्यांतल्या लेखांपैकी तिघांत दाता स्वतःला 'यवन' म्हणवतो. मानमोडीच्या चैत्यगृहाचे दर्शनी काम चंद नावाच्या यवनाने दान दिले. इरिल नावाच्या यवनाने पाण्याच्या दोन पोढ्या, म्हणजे टाकी, दिल्या. चिट नावाच्याने संघाला भोजनमंडप दिला. इरिल आणि चिट हे दोघेही स्वतःला 'गतांचे' म्हणतात. हे गत कोण, यावर विद्वानांचा खल झाला आहे. नॉर्वेचे स्टेन कोनो यांनी तर त्यांचा संबंध युरोपातल्या गॉथ लोकांशी जोडून पाहिला होता. माझ्या शेकोटीची ही थोर वडील बहीण म्हणायची! असो. लेख प्राकृतात आहेत, लिपी ब्राह्मी आहे, काळ साधारण इसवी सनाचे पहिले-दुसरे शतक. देवाचे नाव नाही, मातृभूमीची आठवण नाही, एकही ग्रीक अक्षर नाही. चंद हे नाव तर सरळ इथलेच वाटते. कार्ल्याच्या चैत्यात धेनुकाकटाहून आलेले यवन दाते भेटतात. नाशिकच्या लेण्यात दात्तामित्रीचा, उत्तरेकडचा यवन इंद्राग्निदत्त भेटतो. त्याच्या बापाचे नाव धर्मदेव. या मंडळींनी आपली ओळख 'यवन' अशी जपली, पण नावे, भाषा, पुण्याची कल्पना, सारे इथले घेतले.

आता हा 'यवन' शब्दच पाहा. मराठीत त्याचा अर्थ पुढे इतका पालटला की मूळ शोधताना वाचक अडखळतो. आशिया मायनरच्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावर आणि जवळच्या बेटांवर राहणारे ग्रीक ते आयोनियन. इराणी सम्राटांच्या लेखांत ते 'यौन' झाले, आपल्याकडे 'यवन' आणि प्राकृतात 'योन', 'योनक'. आणि गंमत अशी, की होमरच्या काव्याची भाषा मुख्यतः याच आयोनियन किनाऱ्याची बोली आहे, तिच्यात आणखी जुन्या बोलींचे अवशेष मिसळलेले आहेत. खुद्द इलियडमध्ये आयोनियनांचा नावाने उल्लेख एकदाच येतो, तेराव्या सर्गात, आणि तोही 'पायघोळ वस्त्रांचे' अशा विशेषणासह. मानमोडीच्या कमानीवर कोरलेला शब्द आणि इलियडची बोली यांचे माहेर एकच. २००३ साली मला एवढे पुरेसे वाटले होते. पण माहेर एक असले म्हणून सासरी तेच गाणे म्हटले जाते असे नाही.

माझ्या शेकोटीला इंधन मिळाले होते ते दुसरीकडून. डिओ क्रिसोस्टोम नावाचा एक ग्रीक वक्ता इसवी सनाच्या पहिल्या शतकात होऊन गेला. दुसऱ्या शतकाची सुरुवातही त्याने पाहिली. म्हणजे जुन्नरच्या यवनांचा आगेमागे समकालीन. होमरवरच्या एका भाषणात तो म्हणतो की होमरचे काव्य हिंदुस्थानातही गायले जाते, तिथल्या लोकांनी ते आपल्या भाषेत नेले आहे. प्रियामची दुःखे, आंड्रोमाकी आणि हेक्युबा यांचे विलाप, अकिलीस आणि हेक्टर यांचे शौर्य तिकडच्या लोकांना ठाऊक आहे, असे तो सांगतो. पुढे एलियन नावाच्या लेखकानेही तसेच लिहून ठेवले. हे वाचून कुणाचेही डोके फिरेल. माझे फिरले.

मात्र डिओ तिथेच आणखी एक गोष्ट सांगतो आणि तीच मला पुढे अडखळवून गेली. त्याच्या म्हणण्याप्रमाणे आपल्याकडचे पुष्कळ तारे हिंदुस्थानातून दिसत नाहीत, दोन्ही ऋक्षसुद्धा तिकडे दिसत नाहीत असे म्हणतात. मोठे ऋक्ष म्हणजे आपले सप्तर्षी. आता सप्तर्षी जुन्नरहून दिसत नाहीत, हे आमच्या कुठल्याही शेतकऱ्याला सांगून पाहा! उन्हाळ्यात अंगणात बाज टाकून झोपलेल्या माणसाच्या डोळ्यांपुढे उत्तरेला तेच असतात. तेव्हा डिओची माहिती ऐकीव होती आणि कच्ची होती. हे सप्तर्षींबाबत खरे असेल तर गाण्यांबाबत त्याच्यावर कितपत भरवसा ठेवायचा?

तरी ही चूक नुसती उडवून लावण्याजोगी नाही. होमरच्या काव्यात ऋक्षाविषयी एक ठरलेली गोष्ट पुन्हा येते, की सर्व नक्षत्रांत ते एकटेच समुद्रात बुडी मारत नाही. ग्रीसच्या अक्षांशावर ते खरे होते. तिथे सप्तर्षी रात्रभर ध्रुवाभोवती फिरत, क्षितिजाखाली जात नसत. जुन्नर पडले साधारण १९ अंश उत्तरेला. इथे सप्तर्षी बुडतात आणि पुन्हा उगवतात. दिवाळीच्या दिवसांत संध्याकाळी उत्तरेकडे पाहिले तर ते सापडत नाहीत, पहाटे दिसतात. इजिप्तहून निघालेली गलबते नैऋत्य मोसमी वाऱ्यावर भरूच, सोपारा, कल्याण या बंदरांना साधारण भाद्रपद-आश्विनात लागत आणि डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास ईशान्येच्या वाऱ्यावर परतत. या मुदतीत घाट चढून आलेल्या नाविकाने संध्याकाळच्या आकाशात ऋक्ष शोधले असेल आणि ते त्याला मिळाले नसेल. घरी जाऊन 'तिकडे ऋक्षच नाही' असे त्याने सांगितले असेल. हा माझा तर्क आहे, पुरावा नव्हे. एकदा पोळल्यामुळे हे लिहून ठेवतो.

डिओने ऐकले ते काय असेल? आल्ब्रेश्त वेबर या जर्मन पंडिताला फार पूर्वी वाटले, की ग्रीक प्रवाशांच्या कानी महाभारत पडले असावे आणि त्यांनी त्याला आपला होमर समजले असावे. हे मला आजही सर्वांत सयुक्तिक वाटते. परक्या गावी भाषा कळत नसताना दोन सैन्ये, एक स्त्री, एक वृद्ध अंध राजा, पुत्रशोकाने रडणारी राणी एवढे दुभाष्याकडून कळले तर ग्रीक माणूस काय म्हणेल? हे आमचेच, असेच म्हणेल. आपल्याकडचा माणूस ट्रॉयची गोष्ट ऐकून 'हे तर महाभारत' म्हणतो, त्याचीच ही उलटी बाजू.

आणि तेव्हा आपल्या डोंगरांत भारतकथा गाजत होत्या याचा पुरावा दगडावर आहे. नाशिकच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे. आपल्या मुलाचे, गौतमीपुत्र सातकर्णीचे, वर्णन करताना तो राम, केशव, अर्जुन, भीमसेन यांच्यासारख्या पराक्रमाचा असे ती म्हणते. शिवाय नहुष, ययाती, सगर यांची नावे येतात. त्याच लेखात तो शक, यवन, पह्लव यांचा संहार करणारा आहे. नाणेघाटाचा लेख त्याहून जुना. तो धर्म, इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य आणि चार लोकपाल यांच्या वंदनाने सुरू होतो. तेव्हा जुन्नरच्या बाजारात एखाद्या यवनाच्या कानी वीरगाथा पडली असेल तर ती अकिलीसची असण्यापेक्षा अर्जुनाची असण्याचा संभव शतपट.

मग होमर हिंदुस्थानच्या मातीला शिवलाच नाही काय? शिवला, पण वायव्येकडे. पेशावरच्या खोऱ्यातल्या एका गांधार शिल्पात चाकांवरचा लाकडी घोडा, त्याला भाला लावणारा माणूस आणि वेशीत हात वर करून आकांत करणारी स्त्री आहे. ही ट्रॉयची कासांड्रा, तिचा वेश मात्र इथला. हा दगड आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. कंदाहारला एक ग्रीक शिलालेख मिळाला, २००४ साली तो प्रसिद्ध झाला. नाराटोसचा मुलगा सोफायटोस आपल्या घराण्याचे वाताहत झालेले वैभव आपण व्यापार करून कसे परत मिळवले हे त्यात पद्यात सांगतो. ही नावे मूळची भारतीय असावीत असे मानतात, आणि त्याच्या पद्यात होमरच्या धाटणीचे शब्द भरलेले आहेत. हा माणूस शाळेत होमर घोकून आला होता यात शंका नाही. कंदाहारपासून जुन्नर फार लांब.

आपल्याकडे सर्वांत जवळची वस्तू कोल्हापूरची. १९४४-४५ च्या सुमारास ब्रह्मपुरीच्या टेकडीवर ब्राँझच्या वस्तूंचा साठा सापडला, त्यात समुद्रदेव पोसायडनची छोटी, देखणी मूर्ती आहे. ती आज कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात आहे. मी तिच्यापुढे बराच वेळ उभा राहिलो आहे. ओडिसीचा सारा प्रवास या देवाच्या कोपामुळे घडतो. त्याच्या एकाक्ष मुलाचा डोळा ओडिसियसने फोडला, म्हणून दहा वर्षे घर नाही. आणि ती मूर्ती पंचगंगेच्या काठी, समुद्रापासून सह्याद्रीच्या अलीकडे, मातीत पडून राहिलेली. पण ती व्यापाराबरोबर आली. तिच्याबरोबर कथा आली का, हे मूर्ती सांगत नाही. 'पेरिप्लस' या नाविकांच्या मार्गदर्शिकेत भरूचला राजासाठी आणायच्या मालाची यादी आहे, त्यात चांदीची भांडी, उंची मद्य आणि गाणारी मुलेही आहेत. ती मुले काय गात होती हे लिहायचे व्यापाऱ्याला कारण नव्हते.

इथे काशिनाथ त्रिंबक तेलंगांची आठवण काढल्यावाचून पुढे जाता येत नाही. ज्या वेबरचा उल्लेख वर आला, त्याने १८७० साली रामायणावर प्रबंध लिहिला. सीतेचे हरण आणि लंकेचा वेढा हा भाग हेलनचे हरण आणि ट्रॉयचा वेढा यांवरून सुचला असावा, असे त्यात सूचित केले. दशरथ जातकात रामकथा आहे पण हरण नाही, तेव्हा हरण हे मागाहूनचे, बाहेरून आलेले, असा त्याचा धागा. धनुष्य वाकवण्याच्या पणाचेही ओडिसीशी साम्य त्याने दाखवले. या प्रबंधाला १८७३ साली मुंबईत उत्तर छापले गेले. लिहिणारे तेलंग तेव्हा अवघे तेवीस वर्षांचे होते. पुढे ते हायकोर्टाचे न्यायमूर्ती आणि मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले, गीतेचे भाषांतर त्यांनी मॅक्सम्युलरच्या मालेसाठी केले. मला मात्र तेवीस वर्षांचा वकिलीच्या वाटेवरचा तो तरुणच जवळचा वाटतो. त्यांच्या उत्तरात राष्ट्राभिमानाचा गहिवर नाही. साक्षीदाराची उलटतपासणी घ्यावी तसे ते वेबरचा एकेक पुरावा तपासतात. जातक जुने हे कशावरून? त्यातली कथा मूळ आणि वाल्मीकीची वाढवलेली, हे उलट का नसावे? पळवलेली बायको आणि तिच्यासाठी युद्ध ही जगात इतकी दुर्मीळ गोष्ट आहे काय, की एकीकडे दिसली की दुसरीकडून उचलली म्हणावे? साम्य हा उसनवारीचा पुरावा नव्हे, हे त्यांनी मांडले तेव्हा ते तेवीस वर्षांचे होते. मी शेकोटी पेटवली तेव्हा पस्तिशीत होतो.

हे झाले नसलेल्या संबंधाविषयी. पण गेली काही वर्षे मला वाटू लागले आहे, की होमर आणि जुन्नर यांचा संबंध आहे. तो उसनवारीचा नाही. कथा इतिहासाचे काय करते, हा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे.

ट्रॉय खरे होते का, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकात हाइनरिश श्लीमानने कुदळीने सोडवायला घेतला. १८७० पासून हिसार्लिकच्या टेकडीत आणि १८७६ साली मायसीनीला त्याने खणले. फ्रँक काल्व्हर्टने त्याला ही टेकडी दाखवली, त्याचे श्रेय मात्र लोक विसरतात. सोने निघाले, तटबंदी निघाली, एकावर एक नऊ नगरे निघाली. त्यांतले एक इ. स. पू. ११८० च्या सुमारास जळाले. हित्ती राजांच्या मातीच्या पाट्यांत विलुसा नावाच्या राज्याशी झालेला तह आहे, साधारण इ. स. पू. १२८० चा, आणि तिथल्या राजाचे नाव अलक्सांडू. इलियडमधल्या पॅरिसचे दुसरे नाव अलेक्झांड्रोस. विलुसा म्हणजे इलियोस हे आता बहुतेक विद्वान मानतात. एवढे जुळते. पण अगामेम्नॉन, अकिलीस, हेलन यांपैकी कुणाचाही पत्ता त्या पाट्यांत नाही, आणि उलट होमरला हित्ती साम्राज्याचा पत्ता नाही. एवढे मोठे साम्राज्य शेजारी होते, ते गाण्यातून साफ पुसले गेले.

१९५२ साली मायकेल व्हेंट्रिस या वास्तुविशारदाने, म्हणजे माझ्यासारख्याच एका हौशी माणसाने (बाकी तुलना नको), क्रीट आणि ग्रीसमधल्या 'लिनियर बी' लिपीच्या पाट्या वाचल्या. भाषा ग्रीकच निघाली. सगळ्यांना वाटले, आता अकिलीसच्या काळातले काव्य हाती येणार. निघाले काय, तर हिशेब. मेंढ्या किती, लोकर किती, रथाची चाके धड किती आणि मोडकी किती, तेल कुठल्या देवाला किती. इ. स. पू. १२०० च्या सुमारास राजवाडे जळाले, लिपी विसरली गेली, चारएकशे वर्षे ग्रीस लिहीत नव्हता. पुढे फिनिशियनांकडून अक्षरे घेऊन इ. स. पू. आठव्या शतकात लेखन पुन्हा सुरू झाले आणि होमरची काव्ये त्याच सुमारास आकाराला आली. मधली चारशे वर्षे जे टिकले ते तोंडी. गाण्याने राजवाड्याचा हिशेब ठेवला नाही. रानडुकराच्या सुळ्यांचे शिरस्त्राण मात्र ठेवले. इलियडच्या दहाव्या सर्गात त्याचे बारकाईने वर्णन आहे. होमरच्या काळी तसले शिरस्त्राण कुणी पाहिले नसावे, पण मायसीनीच्या थडग्यांत ते निघाले. उलट रथ त्याला ऐकून ठाऊक होते, पण युद्धात त्यांचे काय करतात हे ठाऊक नव्हते. त्याचे वीर रथातून रणात जातात, उतरतात, पायी लढतात आणि पुन्हा रथात बसून येतात, जसे आपण एस.टी.ने जातो.

आता नाणेघाटाकडे या. गुहेतला नागनिकेचा लेख हाही हिशेबच. कोणता यज्ञ केला, दक्षिणा किती दिली, गाई किती, घोडे किती, हत्ती किती, कार्षापण किती. अकरा हजार गाई आणि एक हजार घोडे असे आकडे त्यात आहेत. आपल्या अंकचिन्हांच्या इतिहासात त्या आकड्यांना फार मोल आहे. समोरच्या भिंतीवर राजघराण्याच्या मूर्ती होत्या, आज पाय सोडून काही उरले नाही, वर नावे कोरलेली आहेत. सिमुक सातवाहन, राणी नायनिका आणि श्री सातकर्णी, काही कुमार, एक महारठी. ज्या घराण्याने हा घाट सांभाळला त्याची ही हजेरी. एकोणिसाव्या शतकात सायक्सने हे लेख उजेडात आणले आणि भगवानलाल इंद्रजींनी त्यांवर मोठे काम केले. तोवर हे नाव आमच्याकडे कुणाच्याही ओठांवर नव्हते.

मग ओठांवर काय होते? नाना आणि गुणा. घाट कोण आधी बांधतो, यावर दोघांची पैज लागली, नाना जिंकला म्हणून नाणेघाट. वरच्या कड्याला नानाचा अंगठा म्हणतात. घाटमाथ्यावरच्या दगडी रांजणात जकातीची नाणी पडत, अशीही गोष्ट सांगतात, ती बहुधा खऱ्याच्या जवळ आहे. शेजारच्या लेण्यांना पांडवलेणी म्हणायचे, पांडवांनी एका रात्रीत कोरायला घेतली आणि कोंबडा आरवला म्हणून अर्धवट राहिली, हे मी आजीच्या तोंडून ऐकले आहे. सातवाहन गेले, यवन गेले, भिक्खू गेले. पांडव राहिले. ग्रीसमध्ये हित्ती गेले, पाट्या गेल्या, अकिलीस राहिला.

पूर्वी मला याचा राग यायचा. लोकांना इतिहास नको, भाकडकथा हव्यात, असे मी भाषणांत म्हणत असे. तो राग ओसरला तो मिल्मन पॅरीविषयी वाचल्यावर. या अमेरिकन अभ्यासकाने होमरमधली ठरीव विशेषणे तपासली. चपळ पायांचा अकिलीस, गुलाबी बोटांची उषा, असली विशेषणे पुन्हा पुन्हा का येतात? ओळीत जेवढी जागा उरली असेल तेवढ्या मापाचे विशेषण गायक उचलतो, हे त्याने दाखवले. १९३३ ते १९३५ या काळात युगोस्लाव्हियाच्या खेड्यांत जाऊन त्याने जिवंत गायकांची गाणी ध्वनिमुद्रित केली. अवदो मेजेदोविच नावाच्या निरक्षर गायकाने, पेशाने खाटीक, बारा हजारांहून अधिक ओळींचे एक काव्य सांगून उतरवून दिले. ओडिसी जवळपास तेवढीच आहे. पॅरी तेहेतिसाव्या वर्षी गेला, त्याचे काम आल्बर्ट लॉर्डने पुढे नेले. हे गायक पाठ केलेले म्हणत नाहीत. प्रत्येक वेळी नव्याने बांधतात, आणि 'शब्दाला शब्द तेच' म्हणून शपथेवर सांगतात.

हे मी वाचले आणि मला सुंबरान आठवले. धनगर ओवी गाणारे आधी सुंबरान मांडतात, म्हणजे देवांचे स्मरण करतात, मग बिरोबाची, धुळोबाची कथा लागते. होमरही काव्यदेवतेला हाक मारूनच सुरुवात करतो. ग्युंथर सोंथायमर हे जर्मन अभ्यासक पुण्यात राहून, धनगरांच्या वाड्यांवर जाऊन या ओव्या ध्वनिमुद्रित करत होते. १९९२ साली ते गेले. अ‍ॅन फेल्डहाउस यांनी त्यांच्या संग्रहातल्या दोन मोठ्या ओव्या मराठी सहकाऱ्यांसह इंग्रजीत आणल्या. पॅरीने बाल्कनात केले ते काम आमच्या पुणे जिल्ह्याच्या आसपास झाले आहे, आणि जिल्ह्यातल्या शंभरातल्या नव्वदांना ते माहीत नाही.

इलियडचा दुसरा सर्ग वाचताना पुष्कळांना कंटाळा येतो. त्यात जहाजांची यादी आहे, कुठल्या गावाहून कोण, किती गलबते घेऊन आला. एकूण अकराशेच्या वर. मलाही आला होता. मग एकदा आंबेगाव तालुक्यात नातेवाइकाकडे लग्नानंतरचा गोंधळ होता. संबळ वाजू लागले, तुणतुणे लागले, आणि गोंधळी गावागावाच्या देवाला नावानिशी बोलावू लागला. अमक्या गावची आई ये, तमक्या गावचा खंडोबा ये. पाव तास नुसती नावे. पण बसलेल्यांतल्या एकेकाचा चेहरा त्याच्या गावाचे नाव आले की उजळायचा. माझ्या शेजारी एक म्हातारे बाबा होते, डिंभे धरणात गेलेल्या जुन्या आंबेगावचे. त्यांच्या गावचा देव पुकारला गेला तेव्हा त्यांनी हात जोडले आणि ते गप्प बसून राहिले. ते गाव पाण्याखाली आहे, तालुक्याला नाव मात्र त्याचेच आहे. जहाजांच्या यादीतही अशी गावे आहेत, जी होमरच्या काळी ओस पडली होती आणि कुठे आहेत हे पुढच्या ग्रीकांनाही सांगता आले नाही. ती यादी मी त्या रात्रीनंतर पुन्हा वाचली, या वेळी कंटाळा आला नाही.

डिओने विलापांचा उल्लेख केला आहे, आंड्रोमाकीचा आणि हेक्युबाचा. युद्धकाव्यातले त्याला आठवले ते बायकांचे रडणे. गी प्वातव्हँ आणि हेमा राईरकर यांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्यांत सीतेच्या वनवासाच्या ओव्या उदंड आहेत. त्यांतला राम पोथीतल्यासारखा निर्दोष नाही. जात्यावर बसलेली बाई सीतेची बाजू घेते. तीन हजार वर्षांपूर्वीच्या लढाईचे गाणे आठव्या शतकातल्या माणसाला का म्हणावेसे वाटले, याचे उत्तर मला कुठल्याही उत्खननाच्या अहवालापेक्षा इथे जास्त सापडते. राजाचा हिशेब राजाबरोबर संपला. हेक्टरची बायको नवऱ्यासाठी पाणी तापवायला सांगते आणि तेवढ्यात तटावरून रडण्याचा आवाज येतो, हे कुणाच्याही घरातले आहे.

त्या दिवशी पाऊस थांबल्यावर घोळका बाहेर पडला, तेव्हा वाटाड्याला बाजूला घेतले आणि शेकोटीची हकिगत सांगितली. तो आधी हसला, मग जरा हिरमुसला. "मग काका, काय सांगू लोकांना? त्यांना तेवढंच लक्षात राहतं."

"चिटाने जेवायला मंडप दिला, इरिलाने पाण्याची दोन टाकी दिली, हे सांग. परक्या मुलखातून आलेल्या माणसाने पाणी दिलं."

पुढच्या महिन्यात मी त्याला मानमोडीवर नेले. चंदाचा लेख कमानीवर उंच आहे, दुर्बिणीतून पाहावा लागतो. 'य' त्याला लगेच ओळखता आला, 'व' आणि 'न' मी दाखवले. आता तो टाक्यांविषयी आणि मंडपाविषयी सांगतो, मी स्वतः ऐकले आहे. शेकोटी त्याने सोडली.

या उन्हाळ्यात शिवनेरीच्या पायऱ्या उतरताना मात्र दुसराच एक मार्गदर्शक भेटला. शाळेची सहल घेऊन आला होता. मुलांना तो यवनांची गोष्ट सांगत होता. शेकोटी होती, गाणी होती, आणि आता एका म्हाताऱ्या आंधळ्या यवनाच्या हातात वीणाही आली होती.